तेराची नळी

लौरेन्सनी शिशाची गोळी बंदुकीच्या नळीच्या मागच्या तोंडात बसवली, लाकडी मुठीचा लांब गज तिच्यामागे टेकवला आणि डोळे मिटून घेतले. नळी बाकावरच्या शिकंज्यात आडवी आवळलेली होती. गज हळूहळू आत जाऊ लागला तसे त्यांचे ओठ हलायला लागले. पाढे म्हणणारी पोरं अशीच ओठ हलवतात. तीस इंचांचा प्रवास संपला, गोळी पुढच्या तोंडातून खालच्या फडक्यावर पडली आणि त्यांनी डोळे उघडले.

"ही गेली," ते म्हणाले. "तोंडाशी सैल आहे."

समोर दोन स्टुलांवर टेर्टियस नेल आणि त्याची बायको आनेके बसली होती. दोघांनी एकदमच माना हलवल्या. तोंडाशी सैल नळी गोळीला शेवटच्या क्षणी हातातून सोडून देते, मग नऊशे मीटरवर ती कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. लौरेन्सनी ती नळी सोडवून दारामागच्या कोपऱ्यात उभी केली. तिथे तिच्यासारख्या आणखी चारपाच होत्या. त्या सगळ्यांची रवानगी पुढेमागे परसातल्या टोमॅटोच्या वेलींना आधार द्यायला होत असे. अख्ख्या फ्री स्टेट प्रांतात इतके महागडे टोमॅटो दुसरं कुणी खात नसेल, असं विनबर्ग गावची मंडळी म्हणत.

विनबर्गमध्ये साठी ओलांडलेला प्रत्येक पुरुष ऊम असतो, म्हणजे काका. पण नुसतं ऊम म्हटलं की ते लौरेन्स लाटेगान. वय चौऱ्याहत्तर. लांब पल्ल्याच्या बंदुका बांधायच्या तर त्यांच्या हातच्याच, असं त्या सगळ्या पठारावरचे नेमबाज मानत. नळ्या दूर देशाहून आखीव लांबीच्या येत. त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली टोमॅटोला द्यायची, हे ठरवणं लौरेन्सचं काम. आत डोकवायची दुर्बीण त्यांच्याकडे होती, मापं घ्यायची यंत्रंही होती. पण शेवटचा शब्द शिशाच्या गोळीचा आणि तळहाताचा.

नेल नवराबायकोच्या दोघांच्याही जुन्या नळ्या झिजल्या होत्या. वर्षापूर्वी त्यांनी एकदमच मागणी नोंदवली होती. तीन नळ्या आल्या होत्या, एक आता बाद झाली. उरल्या दोन: एक तेराची, एक चौदाची.

हा तेरा-चौदाचा हिशेब पठारावर शेंबड्या पोरालाही येतो. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. तेरा इंचांत एक वेढा पुरा झाला तर ती तेराची, चौदा इंचांत झाला तर चौदाची. वर पठारावर हवा विरळ, तिथे चौदाचा आळशी पीळ पुरतो. जुन्या लोकांच्या मते तर तोच जास्त शहाण्यासारखा वागतो. खाली समुद्राकाठी हवा दाट. तिथे तेराच लागते. क्रूनस्टॅडचा एक पठ्ठ्या एकदा मोठ्या ऐटीत चौदाची नळी घेऊन केप टाउनला गेला. तिथे त्याच्या गोळ्या आडव्या होऊन कागदात घुसल्या आणि सदऱ्याच्या काजांसारखी लांबट भोकं पडली. त्याला बावीस वर्षं झाली, पण अजूनही सगळे त्याला शिंपीच म्हणतात.

तेव्हा विनबर्गचा माणूस कुठली नळी मागतो यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळतं. ज्याला ब्लूमफॉन्टेनच्या मैदानापलीकडे जायचं नाही तो चौदाची मागतो. तेराची तो मागतो ज्याला देशाच्या संघात निवड होऊन, हिरवा कोट अंगावर चढवून, जुलैत इंग्लंडच्या ओल्या हवेत नेम धरायचा आहे. टेर्टियसने गेल्या एकोणीस वर्षांत पाच नळ्या झिजवल्या होत्या. पाचही तेराच्या. निवड एकदाही झाली नव्हती. विनबर्गच्या नेमबाजी क्लबात माणसाची त्याच्या मयतीतसुद्धा टिंगल होते, पण या गोष्टीवरून टेर्टियसला कधी कुणी छेडलं नव्हतं.

आनेकेच्या आजवरच्या दोन्ही नळ्या चौदाच्या होत्या. तिने बंदूक हातात घेतली तीच चाळिशीत. त्याआधी सात वर्षं ती नवऱ्याबरोबर नुसती यायची आणि लक्ष्यांच्या खालच्या खंदकात बसून काम करायची. लक्ष्य खाली ओढायचं, भोकावर कागद चिकटवायचा, पुन्हा वर ढकलायचं. डोक्यावरून सात वर्षं गोळ्या गेल्या आणि वारा त्यांना कसा लोटतो ते तिला आपोआप समजत गेलं. या एप्रिलमध्ये ब्लूमफॉन्टेनच्या मोठ्या स्पर्धेत ती चौथी आली आणि टेर्टियस एकेचाळिसावा. बक्षिसाच्या वेळी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

लौरेन्सनी आता तेराची नळी बाकावर आवळली. नवी गोळी, पुन्हा गज. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. गज एका चालीने आत गेला आणि शेवटच्या चार बोटांत किंचित जड झाला. गोळी फडक्यावर पडल्यावरही ते जरा वेळ मूठ धरूनच उभे राहिले.

"काय झालं, ऊम?" टेर्टियसने विचारलं.

"तूच बघ."

टेर्टियस उठला. पॅन्टला हात पुसून त्याने गज धरला. तो धिप्पाड माणूस होता, मेंढा एका हाताने उलथवणारा, पण गज त्याने देवळातल्या घंटेला लहान पोराने हात लावावा तसा धरला. आत ढकलताना त्याच्या चेहऱ्यावरचा राकटपणा हळूहळू उतरत गेला. कुठे खाच नाही, कुठे ढिलाई नाही, आणि तोंडाशी येताना नळी गोळीला हलकेच कवेत घेत होती.

"अशी मी बघितलेली नाही," तो म्हणाला.

लौरेन्स म्हणाले की त्यांनीही तीनदाच बघितली आहे, आणि ही तिसरी. मग त्यांनी गज आनेकेपुढे केला. ती उठायला तयार नव्हती. आपली चौदाची आहे, ती बघितली की झालं, असं म्हणत राहिली. लौरेन्सनी हात मागे घेतला नाही, तेव्हा नाइलाजाने उठली.

तिने डोळे मिटले नाहीत. खिडकीबाहेर बघत गज ढकलू लागली आणि निम्म्यावर थांबली. थांबायचं काही कारण नव्हतं. नळी तिथे लोण्यासारखी होती. तिचे कान लाल झाले. पुढचं अंतर तिने इतक्या सावकाश कापलं की लौरेन्सना मान वळवून घ्यावी लागली, कारण दुसऱ्याचं असं काही बघू नये. गोळी पडल्यावर तिने गज बाकावर ठेवला, मूठ सरळ करून ठेवली, जशी पाहुणी यजमानिणीची वस्तू जागच्या जागी ठेवते.

"छान आहे," ती म्हणाली. "टेर्टियसला मिळाली, बरं झालं."

ऊमसाठी आणलेली मेंढीची तंगडी गाडीतच राहिली आहे, ऊन लागेल, असं म्हणून टेर्टियस बाहेर गेला.

लौरेन्सनी शिशाच्या गोळ्या गोळा करायला घेतल्या. अकरा दिवसांपूर्वी संघाच्या कप्तानाचा त्यांना फोन आला होता. इंग्लंडला जाणाऱ्यांपैकी एकाचा खांदा निखळला होता आणि त्या जागी नेलबाईंना घ्यायचं ठरलं होतं. कप्तान म्हणाला होता की दहा आठवडे हातात आहेत, तेराची नळी शोधून ठेवा. बाईंनी विचार करायला या शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतला होता. आज बुधवार होता. तेराची नळी एकच होती. लौरेन्सना वाटलं होतं की नवराबायको आज काहीतरी ठरवूनच येतील. आले ते दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारत.

"परवा शुक्रवार आहे, पोरी," ते म्हणाले.

आनेकेने चमकून दाराकडे बघितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं, ऊम?"

"त्या संघाच्या निम्म्या बंदुका मी बांधतो. मला नाही तर कुणाला सांगतील?"

मग ती बोलायला लागली, खालच्या आवाजात, भराभर. फोन टेर्टियसनेच उचलला होता. जरा वेळ त्याने कानाला लावला आणि मग, तुझा आहे, म्हणून तिच्या हातात दिला. बोलणं संपल्यावर तिने चर्चच्या बाजाराचं काहीतरी निमित्त सांगितलं. तो बरं म्हणाला आणि मेंढ्यांकडे गेला. त्या दिवसापासून ती मूग गिळून बसली होती. रोज सकाळी सांगायचं ठरवायची आणि तो कॉफीचा पेला घेऊन समोर बसला की जीभ टाळ्याला चिकटायची.

"एकोणीस वर्षं तो त्या फोनची वाट बघतोय, ऊम. आणि आला तो माझ्यासाठी. तोही त्याच्याच हातून."

"मग नाही म्हणणार आहेस?"

तिने बाकावरचा लोखंडाचा कीस बोटाने एका रेषेत ओढला.

"मला जायचंय," ती म्हणाली. "इतकं जायचंय की माझी मलाच लाज वाटते. पण त्याच्या तोंडावर कसं सांगू? आज येताना गाडीत म्हणत होता, या वेळची तेराची शेवटची, यानंतर मीही चौदावर येईन. ते ऐकल्यावर मी काय बोलणार होते?"

लौरेन्सना बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि नवराबायकोच्या भानगडीत कधी पडू नये हे ती त्यांना शिकवून गेली होती. तरी त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"हे बघ, मी तुला चौदाची बांधून देईन. झकास बांधीन. ती घेऊन तू इथल्या सगळ्यांना लोळवशील. पण ती खांद्याला मारून इंग्लंडला गेलीस, तर क्रूनस्टॅडच्या शिंप्याला जोडीदारीण मिळेल."

ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. बाहेर गाडीचं दार आपटलं. तिने बाहीने चेहरा पुसला आणि जाऊन आपल्या स्टुलावर बसली.

टेर्टियसने फडक्यात बांधलेली तंगडी आणून आतल्या फ्रीजमध्ये ठेवली. मोरीत हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले. मग येऊन बाकाशी उभा राहिला. लौरेन्सनी तेराची नळी उलटी करून पुन्हा आवळली आणि खणातून अक्षरांच्या छिन्न्यांची पेटी काढली. नळी कुणाची ते ठरलं की ते पोटाखाली, लाकडात झाकली जाणाऱ्या जागी, मालकाचं नाव ठोकत. ते कुणाला दिसत नसे. पण एकदा ठोकलं की पुसता येत नसे, आणि ज्याचं नाव त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी ते ती नळी बांधत नसत. मागे एका श्रीमंत गिऱ्हाइकाने दुप्पट देऊ केले तेव्हाही त्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यांनी आधी आडनाव घेतलं. हातोडीचा एक एक नेमका घाव, तीन इंग्रजी अक्षरं. त्यात काही अडचण नव्हती, आडनाव दोघांचं एकच. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि पेटीवर झुकून छिन्न्या चाळवत बसले. इतकी वर्षं त्यांनी टेर्टियसच्या नळीवर न विचारता टी ठोकला होता.

"नावाचं अक्षर कुठलं?" त्यांनी विचारलं.

आनेकेने मान खाली घातली. टेर्टियस नळीवरच्या ताज्या तीन अक्षरांकडे बघत होता. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला.

"ए," टेर्टियस म्हणाला.

लौरेन्सनी छिन्नी उचलली, पण ठोकली नाही. आनेके उभी राहिली होती.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. मग लौरेन्सकडे बघून, "ऊमनी?"

"ऊमनी कशाला सांगायला हवं? फोन मी उचलला ना." टेर्टियस अजून नळीकडेच बघत होता. "कप्तान म्हणाला, टेर्टियस, इंग्लंडच्या दौऱ्यासाठी फोन केलाय. एवढं म्हणून त्याला खोकला आला. चांगला लांबलचक खोकला. तेवढा वेळ मी संघात होतो, आनेके. मग तो म्हणाला, बायको घरात आहे का?"

लौरेन्सना हसू आलं आणि ते त्यांनी मिशीत दाबलं. आनेकेने मात्र तोंडावर हात घेतला.

"अकरा दिवस तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मी वाट बघत होतो, तू कधी सांगतेस. आधी वाटलं, संध्याकाळी सांगेल. मग वाटलं, रविवारी. मग मला राग यायला लागला." तो थांबला. "खरं सांगू? आज गाडीत ठरवूनच आलो होतो. हिने तोंड उघडलं नाही तर तेराची आपलीच. ते शेवटच्या नळीचं बोललो ना, तेही मुद्दाम. तू अडकावीस म्हणून."

हे त्याने बायकोकडे न बघता सांगितलं, पण लौरेन्ससमोर सांगितलं. तिथल्या पुरुषांच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. आनेके रागावेल असं लौरेन्सना वाटलं. तिच्या कपाळावर आठी चढलीही होती.

"मग आता काय झालं?" तिने विचारलं.

"तू गज खाली ठेवलास ना, ते मी बघितलं," टेर्टियस म्हणाला. "एकोणीस वर्षांत मी कुठलीच नळी अशी दुसऱ्यासाठी खाली ठेवलेली नाही. मला ठेवताच आली नसती."

ती जवळ आली. दोघं बाकाशी शेजारी शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागणार नाही एवढं अंतर ठेवून. पिल्लं होण्याचा हंगाम ऐन जुलैतच आहे, त्याचं काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला की मेंढ्यांना गेली हजारो वर्षं पिल्लं होत आली आहेत आणि त्यात आनेके नेलची गरज कुणाला पडली नव्हती. ती म्हणाली, गेल्या साली मध्येच आडवं आलेलं पिल्लू कुणी सोडवलं होतं? तो म्हणाला, बरं, एकदा पडली होती. एवढं झाल्यावर तिने त्याच्या दंडाला धरलं आणि धरूनच ठेवलं.

"ठोका, ऊम," ती म्हणाली.

लौरेन्सनी ठोकलं. अक्षर खोल उमटलं, आधीच्या तिन्हींपेक्षा जरा जास्तच, पण ते लाकडाखाली जाणार होतं. त्यांनी नळीवर तेलाचा बोळा फिरवला आणि आनेकेला म्हणाले की फोन आत आहे, कप्तान या वेळी घरीच असतो. ती गेली. आतून आकडे दाबल्याचा आवाज आला, मग तिचा आवाज, आधी अडखळत आणि मग मोकळा.

टेर्टियसने टोपी उचलली आणि तिच्या काठाला चिकटलेला लोकरीचा धागा काढत राहिला. आतलं बोलणं ऐकू येत होतं आणि तो ऐकत होता. एकदा ती मोठ्याने हसली तेव्हा तोही हसला, उगाच, कुणाला न दाखवता. लौरेन्सना त्याच्यासाठी वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्याचा अभिमानही वाटला. त्यांनी चौदाची नळी उचलून बाकावर घेतली.

"चल, तुझीही बघून टाकू. ही पण वाईट नसणार. पठारावर चौदासारखी दुसरी नाही, तुला ठाऊकच आहे. नाव ठोकून टाकतो, महिन्याभरात बंदूक हातात."

टेर्टियसने नळीवरून अंगठा फिरवला. तोंडाशी डोळा लावून खिडकीच्या उजेडाकडे धरली, बराच वेळ आत बघितलं. मग ती परत बाकावर ठेवली.

"चांगली आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या, ऊम," तो म्हणाला. "मला तेराची मागवा."

"अरे, आता मागवली तर यायला आठ महिने. आणि तुझी जुनी तर पार झिजलीय. या सालात तुला काही धड मारता यायचं नाही."

"मागवा."

लौरेन्सनी चष्मा चढवला आणि मागण्यांची वही पुढे ओढली.

"आठ महिने म्हणजे मी कमीत कमी सांगतोय," ते म्हणाले. "वर्षही लागेल."

"लागू दे," टेर्टियस म्हणाला. "थांबायची मला सवय आहे."